घरात दुखणं, मुलं लहान आणि कामाला सुट्टी नाही: तुम्ही कसं निभावता?

घरात कुणाला तरी कायमचं दुखणं आहे, मुलं अजून हाताशी आलेली नाहीत आणि नोकरी सोडणं परवडणारं नाही, अशा आई-बाबांनी लिहावं म्हणून हा धागा काढते आहे. 'स्वतःकडे लक्ष द्या', 'सकारात्मक राहा' हे आपण सगळ्यांनी पुष्कळ ऐकलंय. मला हवेत ते बारकावे. रात्री ताप चढला तेव्हा कोण उठलं, साहेबांशी काय बोललात, कोणत्या कागदामुळे अडलेलं काम झालं, मदतीला कुणाला घेतलंत. सुरुवात मी करते.

पुणे, सातवीतल्या मुलीची आई

माझ्या लेकीला टाईप १ मधुमेह आहे. तिच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. हा गोड खाण्याने होत नाही आणि कारल्याच्या रसाने जात नाही. प्रत्येक जेवणाआधी एक इंजेक्शन, शिवाय दिवसभर पुरणारं एक वेगळं. नातेवाइकांना हे दर लग्नकार्यात नव्याने सांगावं लागतं आणि मी सांगते, कारण तिच्यासमोर कुणी 'बिचारी' म्हटलेलं मला चालत नाही.

मी बँकेत आहे, नवरा फिरतीवर. मार्चअखेरीला घरी पोचेपर्यंत मुलं झोपायला टेकलेली असतात. तेव्हा एक गोष्ट आम्ही पक्की केली: तिच्या औषधाचं गणित एकट्या माझ्या डोक्यात राहायचं नाही. दोन पोळ्यांना किती युनिट, भात असला तर किती, खेळाच्या तासाला काय बदलायचं, हे डॉक्टरांकडून मोठ्या अक्षरात लिहून घेतलं आणि फ्रिजवर लावलं. माझ्या सासूबाई चौथीपर्यंत शिकल्या आहेत. आज त्या स्वतः ग्लुकोमीटर लावतात. आकडा ७० च्या खाली दिसला की तीन छोटे चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात कालवून देतात आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासतात. माझ्या फोनची वाट बघत नाहीत, याचं मला फार मोल आहे.

शाळेचं जरा अवघड गेलं. तासाला डबा उघडायचा नाही हा नियम, आणि बाई घाबरलेल्या. मी एका पानावर लिहून दिलं: घाम, हातांची थरथर, अचानक चिडचिड, असंबद्ध बोलणं दिसलं तर आधी ग्लुकोज, मग चौकशी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट हॉस्पिटल. सोबत सीबीएसईचं २०१७ चं परिपत्रक जोडलं. टाईप १ असलेल्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत खाण्याचे पदार्थ जवळ ठेवायची परवानगी त्यात दिलेली आहे. आमची शाळा त्या बोर्डाची नाही, तरी कागद पाहून मुख्याध्यापकांचा सूर बदलला. आता पीटीच्या सरांच्या खिशात ग्लुकोजच्या गोळ्या असतात.

उन्हाळ्यात गावी जाणाऱ्यांसाठी एक. मराठवाड्यात वीज गेली की फ्रिजचा भरवसा नसतो. माझे सासरे मोठ्या मडक्यात ओली वाळू भरून त्यात छोटं मडकं ठेवतात, वर ओलं फडकं. इन्सुलिन कोरड्या डब्यात घालून त्या छोट्या मडक्यात राहतं.

नाशिक, दोन मुलांचा बाबा

ताई, 'एकट्याच्या डोक्यात राहायचं नाही' हे अगदी पटलं. आमच्याकडे वडिलांचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार तास. नेणं-आणणं, आधी वजन, नंतर सुईची जागा दाबून बसणं धरलं की अख्खा दिवस जातो. मी सातपूरला कंपनीत शिफ्टमध्ये. बायको खासगी क्लास घेते, ते संध्याकाळचेच.

आम्हाला तारलं ते सेंटरवर भेटलेल्या लोकांनी. एकाच वारी, एकाच वेळेला येणारे आणखी दोन पेशंट होते. त्यांचीही मुलं नोकरीवाली. बाहेरच्या बाकावर बसून ओळख झाली आणि आम्ही पाळी लावली: एका दिवशी एकाच घरचा माणूस थांबणार आणि तिघांकडेही बघणार. त्यासाठी प्रत्येकाने एकेक कार्ड केलंय. रक्तगट, औषधं, फिस्टुला (डायलिसिसची सुई टोचण्यासाठी ऑपरेशन करून जोडलेली हातातली रक्तवाहिनी) कोणत्या हाताला आहे, डायलिसिसनंतर किती वजन उतरायला हवं, कुणाला फोन करायचा. फिस्टुलाच्या हाताला बीपीचा पट्टा बांधायचा नाही, त्यातून रक्त काढायचं नाही आणि त्या हाताने जड पिशवी उचलायची नाही, हे तिन्ही घरांतल्या पोरांनासुद्धा पाठ आहे.

माझा चौथीतला मुलगा आजोबांचं पाणी मोजतो. डॉक्टरांनी ठरवून दिलेलं दिवसाचं पाणी सकाळी एका बाटलीत भरून ठेवतो. चहा, आमटी, ताकही त्यातच धरायचं, म्हणून तेवढं पाणी बाटलीतून काढून टाकतो. आजोबा त्याचं ऐकतात, माझं ऐकत नव्हते. भेटायला येणारी मंडळी प्रेमाने शहाळं आणि केळी आणतात. किडनीच्या पेशंटला त्यातलं पोटॅशियम जिवावर बेतू शकतं, हे दारातच सांगावं लागतं.

खर्चाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसलो. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेची मदत करणारी माणसं, बसतात, पहिल्यांदा त्यांना भेटा. आणि रेशनकार्डावरचं नाव आधारशी जुळतंय का ते घरीच बघा. आमच्याकडे वडिलांच्या नावातल्या एका अक्षरावर काम अडलं होतं.

ठाणे, अडीच वर्षांच्या मुलाची आई

थोडक्यात लिहिते, लोकलमध्ये आहे. माझ्या मुलाला ताप चढला की झटका येतो. सहा महिने ते पाच वर्षांपर्यंतच्या काही मुलांना तो येतो आणि बहुतेकांचा वयाबरोबर जातो. पाळणाघरातल्या काकूंना मी प्रत्यक्ष करून दाखवलंय: जमिनीवर कुशीवर वळवायचं, कपडे सैल करायचे, घड्याळ बघायचं. तोंडात चमचा नाही, पाणी नाही. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवायचा नाही. पाच मिनिटांच्या पुढे गेलं तर १०८ ला फोन. पहिल्यांदा आला तर तो थांबला तरी डॉक्टरांना दाखवायचंच. मी ऑफिसात असताना झटका आला आणि काकूंनी हे सगळं शांतपणे केलं. मी पोचले तेव्हा तो त्यांच्या मांडीवर झोपला होता. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

श्टुटगार्ट, जर्मनी

इथे पाळणाघरात जाणारं मूल हिवाळाभर सर्दी-तापाने घरी असतं. सोय अशी आहे की सरकारी आरोग्य विम्यात असलेल्या आई आणि वडील दोघांनाही १२ वर्षांखालच्या प्रत्येक आजारी मुलासाठी पगाराच्या मोठ्या भागासह रजा मिळते, २०२४ पासून वर्षाला प्रत्येकी १५ दिवस. मुलांची काळजी त्यामुळे निभते. आई सांगलीत एकटी असते, तिचं बायपास झालंय. तिथे मला कोणतीच रजा पुरत नाही.

शेजारच्या काकू रोज सकाळी आईकडे चहाला जातात. सहज गेल्यासारखं, पण गोळ्यांचा डबा बघून येतात. आईला 'कोणीतरी लक्ष ठेवतंय' हे आवडत नाही, चहा आवडतो. डॉक्टरांकडे जायच्या दिवशी मी पहाटे उठून फोनवर हजर असते आणि प्रश्न आधी लिहून पाठवते. आईसमोर डॉक्टर मराठीत बोलतात, मला इंग्रजीत. मी त्यांना विनंती केली की दोघींशी मराठीतच बोला, तिचं दुखणं तिला आधी कळू दे.

लातूर, जिल्हा परिषद शिक्षक

माझ्या पत्नीला कॅन्सर आहे. मुली तिसरी आणि आठवीत. उपचार परळला टाटा हॉस्पिटलमध्ये, म्हणजे रात्रीच्या गाडीने जायचं. तिथे राहायला दादरची गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा मिळाली. कॅन्सरच्या पेशंटसोबत आलेली माणसं तिथे एकमेकांना जेवण, रांग, औषध सगळ्यात धरून असतात. ज्यांचं कुणी नाही त्यांचंही तिथे कुणीतरी होतं, हे मी पाहिलंय.

पुरुष शिक्षकांसाठी मुद्दाम लिहितो, कारण मला कार्यालयात कुणी सांगितलं नाही. राज्य शासनाच्या २०१८ च्या निर्णयानुसार १८० दिवसांची बालसंगोपन रजा महिलांना आहेच. पण पत्नी हयात नसेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली असेल तर पुरुष कर्मचाऱ्यालाही ती मिळते. जिल्हा परिषदेला आणि अनुदानित शाळांनाही लागू आहे. शासन निर्णयाची प्रत आणि डॉक्टरांचा दाखला अर्जाला जोडा. माझा पहिला अर्ज 'ही बायकांची रजा आहे' म्हणून परत आला होता. प्रत जोडल्यावर मंजूर झाला.

मुलींना काय सांगायचं यावर आम्ही दोघं रात्र रात्र बोललो. शेवटी आईनेच सांगितलं, आजाराचं नाव घेऊन. केस जाणार हेही आधी सांगितलं. धाकटीने विचारलं, 'मला होईल का? तुझ्या ताटात जेवलं तर?' हा आजार लागत नाही, हे त्या दिवशी कळलं नसतं तर ती किती दिवस मनात घेऊन बसली असती? तेव्हापासून आमच्याकडे दुखण्याबद्दल कुजबूज होत नाही. थोरली रोज शाळेतून आल्यावर आईला वर्गातलं सगळं सांगते, आई झोपलेली असली तरी. मी तिला थांबवत नाही. पोळ्या मात्र तिच्यावर टाकलेल्या नाहीत, त्या मी शिकलो. अभ्यास आणि खेळ हेच तिचं काम आहे, तिच्या आईचा तसा हट्ट आहे आणि तो मी पाळणार.

सोलापूर

सर, वहिनींना आराम पडो. माझ्या भावालाही परळला न्यायचंय, दोन मुलं आहेत त्याला. रेल्वेची सवलत कशी मिळते? तिथे गेल्यावर की आधी?

लातूर, जिल्हा परिषद शिक्षक

ताई, सवलतीसाठी हॉस्पिटलचं ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. पहिल्या खेपेला ते हातात नसतं, म्हणून ते तिकीट पूर्ण काढा. तिथे नोंदणी झाली की पुढच्या तपासणीची तारीख घेतानाच प्रमाणपत्रावर सही-शिक्का घ्या, नंतर त्यासाठी वेगळी रांग लावायला लागू नये. ते आरक्षणाच्या खिडकीवर दाखवायचं. स्लीपर आणि थर्ड एसीत पेशंटला पूर्ण माफी आहे, सोबतच्या माणसाला ७५ टक्के. आधीचे सगळे रिपोर्ट, बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला तपासणीचा तुकडा) इथल्या लॅबकडून मागून घ्या, तिथे ते लागतात. मुलं कुणाकडे ठेवताय? आमच्याकडे मुली आत्याकडे असतात आणि त्यांची शाळेची पिशवी, औषधं, डबा कसा लागतो हे आम्ही तिला लिहून दिलंय. तुम्हाला हवं असेल तर तो कागद इथे टाकतो.