श्रीखंडाचे डबे फुगले: ८ लाख मशीनला घालू की प्रयोगांना?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. वाळवा तालुक्यात आमची छोटी डेअरी आहे. रोजचं २,२०० लिटर दूध, त्यात म्हशीचं जास्त. आप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पिशवीच्या दुधावर धंदा उभा केला. श्रीखंड मी लग्न होऊन आल्यावर सुरू केलं.

यंदा पाडव्याला अर्धा किलोचे ६४० डबे भरले. उरलेला माल अक्षय्य तृतीयेपर्यंत जाईल असा हिशेब होता. तिसऱ्या आठवड्यात कराडच्या दुकानदाराचा फोन आला, "ताई, झाकणं वर आलीत." जाऊन बघते तर एकेक झाकण टम्म फुगलेलं. एक उघडलं, फस्सकन हवा सुटली आणि ताडीसारखा वास आला. सगळीकडून मिळून २१२ डबे परत आणले आणि शेतातल्या खड्ड्यात ओतले. ओतताना डोळ्यांत पाणी आलं. पहाटे चारला उठून धार काढणाऱ्या बायकांचं दूध होतं ते.

डब्यावर आम्ही ४५ दिवस छापलं होतं. बाजारातल्या दुसऱ्या मालावर तेवढं होतं, म्हणून आम्हीही तेवढंच छापलं. तपासलं कधीच नव्हतं. हे मला आता फार लागतंय.

बाजूला टाकलेले ८ लाख आहेत. आप्पा म्हणतात कप भरून सील करणारं मशीन घेऊ, हात लागायचा टळेल. मला वाटतं लॅब काढावी आणि आपलं श्रीखंड किती टिकतं, का बिघडतं, यावर वर्षभर प्रयोग करावेत. आप्पांचा प्रश्न साधा आहे: "मशीन उद्यापासून कामाला लागेल, तुझे प्रयोग कधी?" मला उत्तर देता आलं नाही. ज्यांनी असा पैसा घातलाय त्यांनी सांगा.

निवृत्त_प्लांटवाला

ताई, वर्णनावरून हा यीस्ट आहे, म्हणजे साखर आंबवणारी सूक्ष्म बुरशी. श्रीखंड आंबट आणि साखर भरपूर, त्यामुळे बहुतेक जिवाणूंचं त्यात फावत नाही. यीस्टचं फावतं. तो साखर खातो, कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि झाकण वर येतं. तो भरतानाच शिरला असेल तर आप्पांचं मशीन उपयोगी पडेल. चक्क्यातच असेल तर नाही. म्हणून आधी तो कुठून येतो ते शोधा.

शोधायचं कसं? लावलेलं दही, फडक्यातून काढलेला चक्का, पिठीसाखर, वेलची, रिकामा डबा, प्रत्येकाचा नमुना वेगळा घ्या. तो पेट्री प्लेटमध्ये, म्हणजे जंतू वाढवायच्या चपट्या बशीत, घाला. भरायच्या खोलीत अशीच एक प्लेट पंधरा मिनिटं उघडी ठेवा. सगळ्या प्लेटा २५ अंशांना पाच दिवस ठेवून त्यांवर उगवलेले यीस्टचे ठिपके मोजा. मी नोकरीला होतो त्या प्लांटमध्ये आम्ही महिनाभर हवेला दोष देत होतो. निघालं काय, तर चक्का टांगायची फडकी. धुतलेली असायची, पण उकळलेली नसायची, आणि वाळत घातलेली असायची गुळाच्या गोदामाला लागून.

बडोद्याच्या सुगम डेअरीत श्रीखंड फडक्यातून सुटलं ते क्वार्ग सेपरेटरमुळे, म्हणजे दही गरगर फिरवून त्यातलं पाणी वेगळं काढणाऱ्या यंत्रामुळे. युरोपातल्या क्वार्ग चीजसाठी बनलेलं यंत्र आपल्या चक्क्याला लावायचं, हे कुणाला तरी सुचावं लागलं आणि ते दह्यावर चालवून बघावं लागलं. तुमच्या २,२०० लिटरला ते यंत्र परवडणार नाही. पण साखर मिसळल्यावर श्रीखंड ६५-७० अंशांपर्यंत तापवून गरमच डब्यात भरता येतं. यावर आपल्याकडे संशोधन झालंय. टिकाऊपणा वाढतो, मात्र जास्त तापलं तर पाणी सुटतं आणि पोत रवाळ होतो. म्हशीच्या दुधाच्या तुमच्या चक्क्याला किती अंश, किती मिनिटं मानवतात, हे तुमच्याच कढईत ठरेल. तसा माल विकायला काढण्याआधी लेबलवर काय लिहायचं ते एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमांत बघून घ्या.

पनीर_राहाता

मी ही चूक केलेली आहे म्हणून कळकळीने लिहितोय. चार वर्षांपूर्वी इनक्युबेटर, ऑटोक्लेव्ह, मायक्रोस्कोप सगळं एकदम घेतलं. चालवायला माणूस नव्हता. सहा महिन्यांत त्या खोलीत रिकामे क्रेट रचले गेले.

दुसऱ्यांदा उलटं केलं. आधी डेअरी टेक्नॉलॉजी शिकलेली मुलगी नोकरीवर ठेवली, मग ती मागेल तेवढंच आणलं. आणि रोजचं ४० लिटर दूध प्रयोगाच्या नावावर लिहून टाकलं. खरा खर्च हा दुधाचा असतो, कोटेशनमध्ये तो दिसत नाही. पहिले तीन महिने पनीर कधी चिवट, कधी भुसभुशीत, आणि घरात रोज त्या दुधाचा हिशेब विचारला जायचा. शेवटी दोन गोष्टी हाती लागल्या. लिंबूसत्व घालताना दूध ७० अंशांवर आणणं, आणि दाबलेलं पनीर लगेच बर्फाच्या पाण्यात टाकणं. त्यात व्हॅक्यूम पॅकिंगची भर पडली तेव्हा पाच दिवसांचं पनीर बारा दिवस टिकायला लागलं आणि पुण्याची लाइन मिळाली. आप्पांना हे सांगा: "कधी?" याचं माझं उत्तर सात महिने होतं.

उदगीर_बीटेक

ताई, उदगीर आणि पुसदजवळच्या वरूडला डेअरी टेक्नॉलॉजीची सरकारी कॉलेजं आहेत. विद्यार्थ्यांना प्रोजेक्टला खरे प्रश्न हवेच असतात. तुमचा प्रश्न घेऊन थेट प्राध्यापकांना भेटा.

टिकाऊपणा तपासताना फक्त आपल्या कोल्ड रूममध्ये डबे ठेवू नका. काही ५ अंशांना, काही १२ ला, काही उघड्यावर ठेवा. आणि तापमान नोंदवणारा छोटा लॉगर दुकानदाराच्या फ्रीजमध्ये आठवडाभर टाका. मी असाच एक टाकला होता. रात्री साडेदहा ते सकाळी सात तापमान सरळ वर चढलेलं दिसलं, कारण दुकान बंद करताना तो मेन स्विचच पाडायचा. तारीख छापायची तर त्या फ्रीजला धरून छापावी लागेल.

पैशाबद्दल एक. पीएमएफएमई या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेखाली छोट्या युनिटला ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान ठरलेलं होतं, पण ते भांडवली खर्चाला. प्रयोगात गेलेल्या दुधाला किंवा माणसाच्या पगाराला नाही. म्हणून मशीन पुढेमागे अशा योजनेतून बसतंय का, ते कृषी कार्यालयात विचारा, आणि हातातले पैसे प्रयोगांना ठेवा.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आप्पांना तिन्ही उत्तरं मोठ्याने वाचून दाखवली. फडक्यांचं ऐकून ते उठले आणि मागच्या अंगणात गेले. आमची फडकी गोठ्याच्या पत्र्याखाली, पेंडीच्या पोत्यांशेजारी वाळतात. आजवर कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

ठरलंय ते असं: एक माणूस, रोजचं २० लिटर दूध आणि बाहेरच्या लॅबमध्ये प्लेटा, वर्षभरासाठी मिळून ५ लाख. उरलेले ३ लाख तसेच राहतील. मशीनचा विषय दिवाळीनंतर. काल चक्क्याचे दोन घाणे टांगले, एक अर्धा तास उकळलेल्या फडक्यात, एक नेहमीच्या. दोन्हींचे २४-२४ डबे भरून तारीख घातली. आप्पांनी स्वतः पेनाने झाकणांवर "उ" आणि "ने" लिहिलंय. १२ अंशांच्या फ्रीजमधले रोज सकाळी तेच बघणार आहेत. आकडे इथे टाकते.