मदत हवी आहे: पेन्सिल्व्हेनियातलं पहिलं मत आणि ठरता ठरत नाही

नमस्कार मंडळी. आधीच हात जोडून सांगते, इथे धुळवड नको. त्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपवर चार ग्रुप आहेत आणि चारही मी म्यूट केलेत.

१६ वर्षं इथे काढल्यावर या मार्चमध्ये (२०२४) नागरिकत्वाची शपथ घेतली. ५ नोव्हेंबर २०२४ ला अध्यक्षपदाची निवडणूक, अमेरिकेतलं माझं पहिलं मत. घर फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला, चेस्टर काउंटीत. टपालाने मागवलेली मतपत्रिका येऊन आठवडा झाला, फळांच्या परडीखाली पडून आहे.

न्यू जर्सीत राहत असते तर एवढं डोकं लावलं नसतं. पण इथे १९ इलेक्टोरल मतं आहेत (अध्यक्ष ठरवणारी राज्याची मतं, राज्य जिंकेल त्याला सगळी). २०१६ ला ट्रम्प इथून सुमारे ४४ हजारांनी जिंकले, २०२० ला बायडन ८० हजारांनी, तेही जवळपास ६९ लाख मतांत. त्यामुळे दोन्ही पक्ष आमच्या दारात ठाण मांडून आहेत. रोज पत्रकांचा गठ्ठा येतो. यूट्यूबवर अनारशांची रेसिपी लावली तरी पीठ भिजेपर्यंत तीन जाहिराती.

घरात म्हणाल तर नवऱ्याचं ठरलंय: रिपब्लिकन ट्रम्प. त्याचा छोटा कन्सल्टिंगचा धंदा आहे, आणि २०१७ ची करकपात २०२५ अखेर संपते, ती पुढे चालू राहावी एवढंच त्याचं गणित. शिवाय बायडनच्या काळात महागाई ९ टक्क्यांवर गेली होती, ती तो विसरायला तयार नाही. (किराणा मी आणते, पण आठवण त्याला.) लेक १७ वर्षांची, मत नाही म्हणून चिडलेली, पक्की हॅरिसवाली (कमला हॅरिस, डेमोक्रॅट उमेदवार).

माझा घोळ दीर-जाऊ यांच्यामुळे आहे. दोघं डॅलसला. दीर एच-वन-बीवर (नोकरीचा तात्पुरता व्हिसा), ग्रीन कार्डाच्या, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याच्या रांगेत. ईबी-२ मध्ये (नोकरीवरून ग्रीन कार्डाचा एक वर्ग) भारताची रांग सध्या, ऑक्टोबर २०२४ ला, २०१२ सालच्या अर्जांवर अडकलीय आणि त्याचा अर्ज २०१६ चा. जाऊ एच-४ च्या (एच-वन-बीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) वर्क परमिटवर नोकरी करते. ते परमिट ओबामांच्या काळात, २०१५ ला आलं. ट्रम्प सरकारने ते काढून घ्यायचा घाट घातला होता आणि जून २०२० मध्ये नवे एच-वन-बी वर्षअखेरपर्यंत थांबवले होते. आता या जूनमध्ये तेच ट्रम्प एका पॉडकास्टवर म्हणाले की इथे पदवी घेणाऱ्याला डिप्लोमाबरोबर ग्रीन कार्ड मिळायला हवं. मग प्रचारवाल्यांनी त्याला अटींचं शेपूट जोडलं. कोणतं खरं धरायचं? हॅरिसबाईंचंही तसंच. २०१९ ला फ्रॅकिंगवर (खडक फोडून तेल-वायू काढणं, आमच्याकडचा मोठा धंदा) बंदी म्हणत होत्या, आता पेन्सिल्व्हेनिया दिसल्यावर नाही म्हणतात.

त्यात जावेला यंदा मूल हवंय. टेक्सासमध्ये गर्भपातावर जवळपास पूर्ण बंदी आहे. दिवस गेल्यावर काही बिघडलंच तर डॉक्टर वेळेवर हात लावतील का, ही धास्ती तिने मला फोनवर बोलून दाखवली. आमच्याकडे २४ आठवड्यांपर्यंत मुभा आहे, म्हणून मला तो विषय लांबचा वाटत होता. त्या फोननंतर नाही वाटत.

आयात करांचंही बघा. ट्रम्प सरसकट १० ते २० टक्के म्हणतात, चीनवर ६०. मग आपली तूरडाळ, हिंग, कुकरच्या रिंगा? उलट हॅरिस पहिलं घर घेणाऱ्यांना २५ हजार डॉलर देऊ म्हणतात. ते ऐकून सांगलीहून आई म्हणाली, "म्हणजे तुमच्याकडेही लाडकी बहीण आली म्हणायची."

'आपला माणूस' हा निकष तर बादच. हॅरिस यांची आई चेन्नईकडची, ट्रम्प यांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार व्हान्स यांची बायको तेलुगू घरातली. दोन्हीकडून मांडव आपलाच.

तर प्रश्न असा: ज्यांना मत नाही त्यांच्यासाठी मत द्यावं, की माझ्या घरचं बघून? आणि नवरा-बायकोची मतं एकमेकांना कापणार असतील तर दोघांनी घरी बसलेलं काय वाईट?

प्रतिसाद १: ताई, आम्ही न्यू जर्सीवाले. १९९२ पासून इथली मतं डेमोक्रॅटांच्याच झोळीत. कोणी दार वाजवत नाही, पत्रक पाठवत नाही. तुमचं मत मोजलं जाण्याआधीच त्याला एवढा भाव आहे आणि तुम्ही घरी बसायचं म्हणता? दिवाळीत फराळाला या, इथे बोलून काही फरक पडत नाही म्हणून सगळे मोकळेपणाने बोलतात.

प्रतिसाद २: आधी अध्यक्षाच्या हातात काय आहे ते वेगळं काढा. ग्रीन कार्डांत एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा कायद्यात आहे, ती काँग्रेसच (इथली संसद) हलवू शकते. ती काढायचं विधेयक २०१९ ला सिनेटमध्ये हॅरिस आणि रिपब्लिकन माइक ली यांनी मिळून आणलं होतं. डिसेंबर २०२० मध्ये बदलांसह सिनेटने मंजूरही केलं, कायदा मात्र झालाच नाही. दिराची रांग कोणीही आला तरी लगेच हलणार नाही. जावेचं परमिट मात्र नियमावर उभं आहे, ते प्रशासन बदलू शकतं. आयात करांतही अध्यक्षाचे हात बरेच मोकळे असतात. आणि मतपत्रिकेवर डेमोक्रॅट केसी विरुद्ध रिपब्लिकन मॅककॉर्मिक ही सिनेटची लढत आहे, तिच्याकडे कोणी बघतच नाही.

प्रतिसाद ३: ग्रीन पार्टीच्या जिल स्टाइन आणि लिबर्टेरियन चेस ऑलिव्हर पण आहेत तुमच्या पत्रिकेवर. नाराजांना ती वाट आहे, फक्त ४४ हजारांचा आकडा डोक्यात ठेवून जा. आणि काहीही करा, पत्रिका आतल्या गुप्ततेच्या पाकिटात घाला. नुसती बाहेरच्या पाकिटात घातली तर बाद होते.

मूळ धागाकर्ती: आभार. प्रतिसाद २ वाचून कागदावर दोन रकाने केले: अध्यक्षाच्या हातातलं आणि नसलेलं. नवऱ्याचा कर आणि दिराची रांग दुसऱ्यात गेली, परमिट आणि डाळ पहिल्यात. गर्भपात कुठे टाकायचा ते कळेना, न्यायाधीश अध्यक्ष नेमतो म्हणून शेवटी पहिल्यात टाकला. आता रकाना बघून नवरा जेवताना वाद घालतोय, पण मुद्द्याला धरून, हे नवीन आहे.

एक अडलंय. बाहेरच्या पाकिटावर सहीखाली तारीख आहे, ती इथल्या पद्धतीने महिना आधी घालायची ना? मी सवयीने दिवस आधी लिहून बसेन.

प्रतिसाद ४: हो, महिना आधी. आणि काउंटीत ५ तारखेला रात्री ८ च्या आत पोचायला हवी. टपालाचा शिक्का त्या तारखेचा असून चालत नाही. ड्रॉप बॉक्समध्ये स्वतः टाका, नवऱ्याकडे देऊ नका. :) विनोद बाजूला, दुसऱ्याची पत्रिका नेऊन टाकायलाही इथे परवानगी नाही.