बैल पाळीव झाला, मग चित्ता का नाही?

माणदेशी (सांगोला)
परवा आमच्या खिल्लार खोंडाला वेसण घातली. दोन दिवस त्यानं कुणाला अंगाला हात लावू दिला नाही. तिसऱ्या दिवशी वडिलांनी पुढं वैरण धरली, तर मुकाट खायला लागलं. हे बघताना आजोबा म्हणाले, कोल्हापूरच्या दरबारात चित्तेसुद्धा असेच हाताळले जायचे आणि हरणांवर सोडायचे. तेव्हापासून डोक्यात घोळतंय. चित्ता माणसाचं ऐकतो, तर त्याची पाळीव जात का झाली नाही? आणि शिंगांनी माणूस उचलून फेकणारं जनावर दावणीला कसं आलं?

गुरांचा डॉक्टर (निवृत्त)
माणसाळणं वेगळं आणि पाळीव होणं वेगळं. माणसाळतं ते एक जनावर, त्याच्या हयातीपुरतं. पाळीव होते ती अख्खी जात, आणि ते विणीवर ठरतं. जहांगीर लिहितो की अकबरानं हजार चित्ते जमवले, त्यांची जोडी जमावी म्हणून खूप खटपट केली, पण काही झालं नाही. पुढं जहांगीरच्या वेळी एका मादीला तीन पिल्लं झाली, तर ते नवल म्हणून त्यानं नोंदवून ठेवलं. म्हणजे प्रत्येक चित्ता रानातूनच धरून आणायचा. इथले संपत आले तेव्हा कोल्हापूरनं आफ्रिकेतून आणले.

गाय माणसाच्या गोठ्यात विते, सगळा फरक तिथं पडला. बलुचिस्तानात बोलन खिंडीजवळ मेहरगढ आहे, सुमारे ९,००० वर्षांपूर्वीची वस्ती. तिथं खालच्या थरांत चिंकारासारख्या शिकारीची हाडं फार. वर येत जावं तशी गुरांची हाडं वाढतात आणि आकारानं लहान होत जातात. मारक्याला कापायचं, गरीब स्वभावाचं विणीला ठेवायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या चाललं असणार. आपल्याकडं खोंड खच्ची करून बैल करतात आणि चांगला एखादाच वळू राखतात, तीही निवडच आहे. तुमच्या वडिलांना तीन दिवस पुरले, कारण आधीचं काम असं होऊन गेलंय.

याची किंमतही माणसानं दिली. नोकरीच्या सुरुवातीला मी गावोगाव बुळकांडीची लस टोचत फिरलो. बुळकांडीनं एका आठवड्यात रिकामी झालेली दावण आणि पायरीवर नुसता बसून राहिलेला शेतकरी अजून डोळ्यांपुढं आहे. आपल्या पोरांना होणाऱ्या गोवराचा विषाणू याच बुळकांडीच्या कुळातला. गुरांशेजारी राहूनच तो आपल्यात आला. २०११ साली बुळकांडी जगातून संपल्याचं जाहीर झालं, त्या दिवशी मला रडू आलं होतं.

घोडकाठ
शिरूरजवळ घोड नदीकाठच्या इनामगावातही उत्खननात गुरांची हाडं भरपूर मिळाली आहेत. प्रवरेकाठी दायमाबादला १९७४ मध्ये धातूचा रथ सापडला, त्याला बैलजोडीच जुंपलेली आहे. फोटो जरूर बघा, मानेवरचं जू स्पष्ट दिसतं.

माणदेशी (सांगोला)
डॉक्टर, तुमचं उत्तर आजोबांना वाचून दाखवलं. त्यांना एक गोष्ट आठवली, त्यांच्या वडिलांनी सांगितलेली. चित्त्याला डोळ्यांवर टोपी चढवून बैलगाडीतून माळावर न्यायचे. काळवीट गाडीला बुजत नसत, रोजच्या बघण्यातली ना ती. अगदी जवळ गेल्यावर टोपी काढायचे. आणि मागं चित्ता बसलेला असताना बैल शांतपणे चालत राहायचे.