मदत हवी आहे: 2025 चा ऑइल-ग्रीस आढावा, गॅरेज आणि वर्कशॉपच्या उपयोगाचं काय घ्यावं?

शिरोली_स्टोअर्स
कोल्हापूरच्या उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगावातल्या गॅरेजवाल्यांसाठी व मशीन शॉपसाठी वर्षाचा दोनपानी आढावा लिहायला घेतलाय. कच्च्या खर्ड्यात एपीआयचा (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) पेट्रोल इंजिन तेलाचा नवा एसक्यू दर्जा, वापरलेल्या तेलाचे ईपीआर नियम (तेल विकणाऱ्या उत्पादकावर रिसायकलिंगची जबाबदारी), जीएसटी आणि लिथियम ग्रीस एवढं आलंय. अडलंय ते असं. एसक्यूचा माल आला म्हणून आधीच्या एसपी दर्जाचे डबे परत करायला सांगायचे का? एसक्यू मोटरसायकलला चालतं का? ईपीआर गॅरेजवर येतो की नाही? आणि साखर कारखान्यात ग्रीस बदलायचं तर काय खबरदारी सांगायची? जाणकारांनी खर्डा तपासायच्या बेतानंच लिहावं.

पिस्टन_रिंग
डबे परत करू नका. एसक्यू आणि त्याच्या जोडीचा आयएलसॅक जीएफ-7 दर्जा, यांचं लायसन्सिंग 31 मार्च 2025 ला सुरू झालं, त्याआधीचा एसपी मे 2020 चा. जिथे एसपी चालतं तिथे एसक्यू चालतं, मात्र गाडीच्या पुस्तकात एसक्यू लिहिलं असेल तर एसपी ओतायचं नाही. फरक तीन ठिकाणी आहे: तेल जुनं झाल्यावरही टर्बो पेट्रोल इंजिनात कमी वेगाला होणाऱ्या अकाली ठोक्यांपासून बचाव, टायमिंग चेनची झीज, आणि जीएफ-7 मध्ये सल्फेटेड ॲशला (तेल जळून उरणारी राख) 0.9% ची मर्यादा. ही शेवटची अट एक्झॉस्टमधला पार्टिक्युलेट फिल्टर चोंदू नये म्हणून. डब्यावरचा गोल शिक्का बघायला शिकवा, वरच्या अर्ध्यात दर्जा, मधोमध ग्रेड (तेल किती पातळ-घट्ट ते). जीएफ-7बी फक्त 0डब्ल्यू-16 ला आहे.

मोटरसायकलला एसक्यू बघून ओतू नका, जासो (दुचाकीच्या तेलाचा जपानी दर्जा) एमए किंवा एमए2 बघा. तिथे क्लच तेलातच फिरतो. कारच्या पातळ तेलातल्या फ्रिक्शन मॉडिफायरमुळे प्लेटा घसरतात: ॲक्सिलरेटर पिळला की इंजिन ओरडतं, गाडी मात्र वेग घेत नाही. स्कूटरचा क्लच कोरडा, तिथे एमबी चालतं.

ट्रकवाल्यांसाठी एक ओळ टाका: सीएल-4 आणि एफबी-4 या डिझेल तेलाच्या नव्या दर्जांचं लायसन्सिंग 1 जानेवारी 2027 पासून आहे. तोवर सीके-4. 'नवा डिझेल दर्जा आला' असं 2025 च्या आढाव्यात लिहिलंत तर ते चूक ठरेल.

हिशेबनीस
जीएसटीला दोन ओळी पुरेत. 22 सप्टेंबर 2025 ला ट्रॅक्टर 12 वरून 5% वर आले, गाड्यांचे सुटे भाग 28 वरून 18 वर. वंगण तेल होतं तिथेच, 18% वर. गिऱ्हाईक 'तेल पण उतरलं की' म्हणतं, म्हणून ही ओळ ठळक छापा.

काळं_ऑइल
सगळ्यात जास्त जागा वापरलेल्या तेलाला द्या, कारण गैरसमज इथेच आहेत. ईपीआरची अधिसूचना सप्टेंबर 2023 ची, अंमल 1 एप्रिल 2024 पासून. रिसायकलिंगचं लक्ष्य 2024-25 ला 5%, 2025-26 ला 10%. ही जबाबदारी उत्पादकाची, आयातदाराची आणि दुसऱ्याकडून भरून घेऊन स्वतःच्या ब्रँडनं विकणाऱ्याची. आपल्याकडे बॅरल आणून पाच लिटरच्या डब्यात आपलं लेबल लावणारे आहेत, त्यांनी हे नीट वाचावं.

गॅरेज आणि मशीन शॉप ईपीआरमध्ये नाहीत, पण कचरा निर्माण करणारे म्हणून 2016 चे घातक कचरा नियम त्यांना लागूच आहेत. नियमांच्या यादीत वापरलेलं तेल म्हणजे 5.1 हा क्रमांक. बॅरलवर फॉर्म 8 चं लेबल, वहीत फॉर्म 3 ची नोंद, माल जाताना फॉर्म 10 चा मॅनिफेस्ट (वाहतुकीची पावती), 30 जूनपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाला फॉर्म 4. साठवण 90 दिवस. वर्षाला 10 टनांच्या आतल्यांना मंडळ 180 दिवसांपर्यंत मुदत वाढवून देऊ शकतं.

सेंट्रिंगला जळकं ऑइल देणं बंद करा, हे स्पष्ट लिहा. फळ्यांवरून ते पावसात मातीत आणि नाल्यात उतरतं, त्यात इंजिनच्या झिजेतले धातू असतात. गुऱ्हाळाच्या चुलवाणात किंवा भट्टीत जाळणंही तसंच, धातू धुरातून बाहेर पडतात. अधिकृत रिसायकलरलाच द्या.

बॅरलमध्ये काय जाऊ नये तेही लिहा: मशीनचं सोल्युबल ऑइल (पाण्यात मिसळून वापरायचं कटिंग ऑइल), रेडिएटरचा कूलंट, ब्रेक ऑइल, रॉकेल, थिनर. पाणी मिसळलेलं तेल रिसायकलिंगला तापवताना फेसाळून उसळतं, म्हणून तसा माल घेणारा भाव पाडतो किंवा घेतच नाही. फिल्टर गरम असतानाच भोक पाडून पालथा घाला, किमान 12 तास निथळू द्या. बॅरल चार बोटं रिकामं ठेवा, बूच घट्ट, वर पत्रा.

ग्रीसगन
लिथियमचं कारण एका वाक्यात सांगा: लिथियम हायड्रॉक्साइडची मागणी बॅटरीकडे वळली, शिवाय युरोपात लिथियमच्या क्षारांना प्रजननास घातक ठरवायचा प्रस्ताव आहे, म्हणून लिथियमऐवजी कॅल्शियम सल्फोनेटच्या ग्रीसकडे ओढा वाढतोय. केन कॅरियर, रसाचे पंप, जिथे जिथे पाणी आणि रस पडतो तिथे ते खरंच चांगलं टिकतं. एनएलजीआयचा (ग्रीसचे दर्जे ठरवणारी संस्था) एचपीएम शिक्का असेल तर पुढे डब्ल्यूआर आहे का बघा, ती पाण्याच्या चाचणीची खूण.

बदल गळीत हंगामात करू नका, ओव्हरहॉलिंगला करा. बेअरिंग उघडून जुनं ग्रीस पुसून काढता आलं पाहिजे. लिथियम कॉम्प्लेक्सशी सल्फोनेट बऱ्याचदा जमतं, तरी पुरवठादाराकडून डी6185 चाचणीचा (दोन ग्रीस एकमेकांत जमतात का ते बघणारी) रिपोर्ट मागा. खरा धोका मोटरींचा. त्यांच्या बेअरिंगमध्ये पुष्कळदा पॉलीयुरियाचं ग्रीस असतं, आणि सल्फोनेटची तीच गन तिथे लावली की ग्रीस पातळ होऊन सीलमधून गळतं. मोटरींना वेगळी गन, वेगळा रंग. बेंटोनाइटचं (मातीचं) ग्रीस तर कशातच मिसळू नका.

शिरोली_स्टोअर्स
आभार सगळ्यांचे, बरंच सुटलं. ग्रीसगन दादा, फेरभरणीला किती स्ट्रोक द्यायचे तेही छापता येईल का? मुलं सीलमधून ग्रीस बाहेर येईपर्यंत मारतात.

ग्रीसगन
तसं मारलं की ग्रीस आतल्या आत घुसळून तापतं, सील उचकटतं आणि त्याच वाटेनं पाणी आत शिरतं. स्ट्रोक नाही, ग्रॅम छापा. बाहेरचा व्यास गुणिले रुंदी, दोन्ही मिलिमीटरमध्ये, गुणिले 0.005. 22220 बेअरिंगला 180 × 46 × 0.005 म्हणजे 41 ग्रॅम. गनचे 10 स्ट्रोक कागदावर काढून काट्यावर तोला. 12 ग्रॅम भरले तर या बेअरिंगला 34 स्ट्रोक. गन बदलली की पुन्हा तोलायचं, आणि आकडा निप्पलशेजारी रंगानं लिहून ठेवायचा.