जुना आय-थ्री, एचडी २५०० ग्राफिक्स: गेमसाठी विंडोज १० ठेवू, सेव्हन टाकू की लिनक्स?

लोकमान्यनगरी (इंदूर)
नमस्कार मंडळी. बाबांनी २०१३ मध्ये सिल्व्हर मॉलमधून असेंबल करून घेतलेला कॉम्प्युटर अजून घरात आहे. आय-थ्री ३२२० प्रोसेसर, एच६१ मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसरमधलं एचडी २५०० आहे तेवढंच. वर विंडोज १०, ज्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि अकराच्या अटीत हा प्रोसेसर बसत नाही. आई बटण दाबून पोहे भिजवायला जाते. फोडणी तडतडते तेव्हा कुठे डेस्कटॉप दिसतो.

एका दुकानात म्हणाले, भंगारात द्या. मला द्यायचा नाही. ताई आणि मी ह्याच कीबोर्डवर क्रिकेट ०७ खेळलो, ती बाणांच्या कीजवर, मी डाव्या हाताला. एस आणि डी वरची अक्षरं कधीच पुसली गेलीत. आता सुट्टीत तिचा मुलगा महिनाभर येऊन राहिलाय, दहा वर्षांचा. त्याच्यासोबत तेच खेळायचंय: क्रिकेट ०७, गाड्यांच्या शर्यतीचा २००५ चा मोस्ट वाँटेड, एज ऑफ एम्पायर्स २. त्याला स्वतःला व्हॅलोरंट हा ऑनलाइन शूटिंगचा गेम हवाय.

अडचण अशी की बाबा ह्याच कॉम्प्युटरवर पेन्शनचं खातं आणि एफडी बघतात. म्हणून गेमसाठी काहीही टाकून मोकळं होता येत नाही. खर्च ३,००० पर्यंत करू शकतो. काय टाकू?

लष्करवाले काका (ग्वाल्हेर)
सेव्हन टाक. तुझ्या यादीतले सगळे खेळ त्याच काळातले आहेत, आणि ४ जीबीत सेव्हन दहापेक्षा मोकळं चालतं. शिवाय जुन्या सीडींचा एक घोळ आहे. ज्या सीडीवर सेफडिस्कचं (नक्कल रोखणारं) कुलूप आहे ती विंडोज १० वर चालतच नाही, त्याचा ड्रायव्हरच मायक्रोसॉफ्टने काढून टाकला. मी माझ्या मुलांच्या जुन्या सीडी अशाच सेव्हनवर चालवतो.

फक्त दोन गोष्टी. स्टीमने (ऑनलाइन गेमचं दुकान) १ जानेवारी २०२४ पासून सेव्हन सोडलंय. आणि बँकेचं काम त्याच्यावर अजिबात नको, २०२० पासून त्याचा सपोर्ट बंद आहे. जमलं तर जुनं जीटी ७३० ग्राफिक्स कार्ड बघ, मिळून जाईल.

रावपुऱ्याची (बडोदा)
काकांचं सीडीबद्दलचं बरोबर आहे, पण बाबांच्या खात्याचा प्रश्न त्याने सुटत नाही. माझ्याकडे जवळजवळ हेच मशीन आहे, तीन वर्षं झाली लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती वापरतेय.

आधी पैसे कुठे घालायचे ते सांगते. २४० जीबीची एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क, घ्या. एच६१ वर साटा, म्हणजे डिस्कची जोडणी, सेकंदाला ३ गिगाबिटचीच आहे, म्हणून एसएसडीचा पूर्ण वेग मिळणार नाही, तरी पोहे भिजायच्या आत डेस्कटॉप येईल. मग केस उघडून बघा ४ जीबीची एकच पट्टी आहे का. असेल तर तशीच दुसरी डीडीआर३ रॅमची पट्टी लावा. एचडी २५०० ला स्वतःची मेमरी नसते, ते तुमचीच रॅम वापरतं. दोन पट्ट्या लागल्या की दोन्हीकडून माहिती एकदम जाते, आणि गेममधला फरक डोळ्यांना दिसतो. विंडोज की लिनक्स ह्या वादाने तेवढा फरक पडत नाही.

आता लिनक्स. स्टीमचं प्रोटॉन (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं साधन) गेममधलं डायरेक्ट-एक्स, म्हणजे चित्र काढायची विंडोजची पद्धत, व्हल्कन नावाच्या दुसऱ्या पद्धतीत बदलून चालवतं. तुमच्या पिढीच्या इंटेल ग्राफिक्सला लिनक्सवर व्हल्कन अर्धवटच आहे. त्यामुळे नवे गेम विसरा. डायरेक्ट-एक्स ९ चे जुने खेळ मात्र वाइन (तसंच एक साधन) ओपनजीएल ह्या जुन्या पद्धतीवरून चालवतं, माझे चाललेत. व्हॅलोरंटचा नाद सोडा, त्याचं व्हॅनगार्ड (चीटिंग पकडणारा प्रोग्राम) लिनक्सवर चालत नाही.

काका, जीटी ७३० घेताना फार जपून. एकाच नावाखाली दोन पिढ्यांच्या चिप विकल्या गेल्यात. फर्मीवाल्यात व्हल्कन नाहीच, केप्लरवाल्यात आहे. खोक्यावरून कळत नाही, दुकानदाराला लावून दाखवायला सांगावं.

माझं मत: एसएसडीवर मिंट, ते बाबांचं. जुन्या हार्ड डिस्कवर आहे ते विंडोज १० राहू द्या, नेट न जोडता, फक्त खेळांसाठी. मिंट टाकताना हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा, म्हणजे चुकून फोटो पुसले जाणार नाहीत.

लष्करवाले काका (ग्वाल्हेर)
चिपचं माहीत नव्हतं. माझ्याकडचं कार्ड काढून बघतो.

लोकमान्यनगरी (इंदूर)
ताई, तुम्ही सांगितलं तसंच केलं. केस उघडली तर एकाच स्लॉटमध्ये पट्टी, दुसऱ्यात धुळीचा नमदा बसलेला. रंगाच्या ब्रशने साफ केला. पट्टी दाबताना दोन्ही बाजूंच्या खटक्या एकदम लागल्या नाहीत म्हणून पहिल्यांदा स्क्रीन काळीच राहिली, बाबा मागे उभे होते, माझे हात गार पडले. काढून पुन्हा नीट बसवली, लागली. मिंटचा डेस्कटॉप पस्तीस सेकंदांत येतो. बाबांना अक्षरं मोठी करून दिली, बँकेची साइट फायरफॉक्सवर नीट उघडते, आणि ते खूश आहेत.

विंडोजवर मोस्ट वाँटेड सावल्या बंद करून आणि रिझोल्यूशन एक पायरी खाली आणून छान पळतो. क्रिकेट ०७ ची सीडी आत गेली खरी, पण ड्राइव्हचा ट्रे बाहेर येईना. पुढच्या बारीक भोकात पिन घालून काढला. भाच्याला व्हॅलोरंटचं स्पष्ट सांगितलं, थोडा हिरमुसला. काल संध्याकाळी मात्र आमची ताई, त्याची आई, फोनवर त्याला सांगत होती की यॉर्करला कुठली की दाबायची, आणि तिला अजून सगळ्या कीज पाठ आहेत.

एकच विचारायचं राहिलं: कीबोर्डवर दोघं एकदम तीन-चार कीज दाबतो तेव्हा एखादी लागतच नाही. कीबोर्ड जुना म्हणून असं होतं का?

रावपुऱ्याची (बडोदा)
जुना म्हणून नाही, साध्या कीबोर्डची रचनाच तशी असते, एका वेळी ठरावीक कीजच ओळखतो. भाच्यासाठी दुसरा साधा यूएसबी कीबोर्ड जोडा, विंडोज दोन्ही एकदम घेतं. तुमचा तो एस-डी पुसलेला तुमच्याकडेच ठेवा.