उत्तर: डिसेंबरच्या व्याख्यानाला सरांना बोलवायचं का?

नमस्कार मंडळी,

कॅलिफोर्नियातल्या आपल्या मंडळींसाठीचं डिसेंबरचं ऑनलाइन व्याख्यान या आठवड्यात फायनल करायचंय. मुंबईला परत गेलेल्या आपल्या दादाने त्याच्या सरांचं नाव सुचवलंय, इंजिनीअरिंग कॉलेजात आयुष्यभर शिकवलं, विषय फायबर ऑप्टिक्स आणि मेडिकल इमेजिंग, आता रिटायर होऊन माटुंग्याला असतात. कमिटीत दोघातिघांचं म्हणणं पडलं की विषय जड आहे, फायबर म्हणजे शेवटी इंटरनेटची केबल, त्यावर तासभर काय ऐकायचं, त्यापेक्षा नाट्यसंगीत ठेवू. दादा, तू जरा सविस्तर लिही म्हणजे पुढे पाठवते.

सेक्रेटरी

*

ताई आणि सगळ्यांना नमस्कार,

केबलपासून सुरुवात झाली हे खरंच आहे. संशोधक चार्ल्स काओंनी १९६६ मध्ये सांगितलं की काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्यातून फोन कॉल लांबवर नेता येतील, १९७० मध्ये काच बनवणाऱ्या कॉर्निंग कंपनीने लॉस, म्हणजे वाटेत प्रकाश कमी होत जातो तो, किलोमीटरला २० डेसिबलच्या खाली आणून दाखवला, आणि त्यानंतरच्या पिढीतली हुशार मंडळी त्या वाटेला लागली तसे सरही लागले. फायबर म्हणजे काचेचा धागा, त्याच्या ९ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) गाभ्यात प्रकाश कसा शिरवायचा, दोन टोकं कशी जुळवायची, यात त्यांची पहिली बरीच वर्षं गेली. मग ओळखीच्या एका ईएनटी डॉक्टरांनी त्यांना ओपीडीत बोलावलं. आपल्याकडे तंबाखू-गुटख्यापायी तोंडाचे कॅन्सर किती आणि पेशंट येतात किती उशिरा हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको, डॉक्टरांचा प्रश्न एवढाच होता की डोळ्याला नुसता पांढरा चट्टा दिसतो तिथे बायॉप्सी नेमकी कुठून घ्यायची हे प्रकाशाने सांगता येईल का.

तिथून सरांचं सगळं कामच बदललं. आम्ही बनवायचो तो प्रोब, म्हणजे चट्ट्यावर धरायची बारीक दांडी, असा, मधे एक फायबर निळाजांभळा प्रकाश सोडायला आणि त्याच्या भोवती सहा फायबर परत येणारा उजेड गोळा करायला, सातही स्टीलच्या बारीक नळीत इपॉक्सीने बसवायचे आणि टोक लॅपिंग फिल्मवर (पॉलिश पेपरसारखी असते) आठचा आकडा काढत काढत घासायचं, आधी जाड दाण्याची फिल्म मग बारीक मग अजून बारीक, प्रत्येक वेळी मायक्रोस्कोपखाली बघायचं. घाई केली की कडेचा टवका उडालाच, परत पहिल्यापासून. निरोगी त्वचा त्या प्रकाशात हिरवट चमकते, बिघडलेल्या जागी ती चमक कमी होते. पण दाताची कड घासून झालेली जखमसुद्धा काळी दिसते, त्यामुळे आमचं यंत्र निदान करतं असं सरांनी कधीच कोणाला बोलू दिलं नाही, बायॉप्सी ती बायॉप्सीच. आणि कुठल्याही नव्या मुलाला प्रोबला हात लावायच्या आधी काही दिवस ओपीडीच्या बाकावर बसावं लागायचं. पेशंटचं तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही हे तिथे बसल्यावरच कळतं, आणि मग आपलं सुंदर डिझाइन दुप्पट जाड आहे हेही कळतं.

पावसाळ्यात मुंबईच्या हवेने लेन्सवर बुरशी धरते. सरांच्या लॅबमधल्या लेन्सच्या कपाटात म्हणून रात्रंदिवस एक बल्ब पेटता असायचा, सिलिका जेल निळ्याचं गुलाबी झालं की हॉटप्लेटवर तापवून परत आत, आणि हे काम शिपायाचं नाही, ज्याचा प्रयोग चालू आहे त्याचं.

नंतर ओसीटी (ऑप्टिकल कोहीरन्स टोमोग्राफी, प्रकाशाने टिश्यूच्या आतलं चित्र काढायचं तंत्र) आलं, १९९१ मध्ये एमआयटीच्या लोकांनी दाखवलं ते. सोनोग्राफीत आवाजाचा प्रतिध्वनी मोजतात तसा इथे प्रकाशाचा, फक्त १० मायक्रॉन जायला प्रकाशाला ३० फेमटोसेकंदांच्या (फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाख अब्जावा भाग) आसपास लागतात आणि एवढं मोजणारं इलेक्ट्रॉनिक्स नाही, म्हणून प्रकाश दोन वाटांनी पाठवून पुन्हा एकत्र आणायचा आणि इंटरफेरन्स, म्हणजे दोन्ही लाटा एकमेकींवर कशा पडतात ते, बघायचा. हृदयाच्या रक्तवाहिनीत फायबर घालून हे करतात तेव्हा १३०० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश वापरतात, टिश्यूमध्ये तो कमी विखुरतो आणि मिलिमीटर-दीड मिलिमीटर आतलं दिसतं. आणि १३१० ही टेलिकॉमची जुनी ओळखीची वेव्हलेंग्थ! कपलर, कनेक्टर, डिटेक्टर सगळं बाजारात तयार होतं, सर ज्या गोष्टी आधी टेलिफोनसाठी शिकले होते त्या जशाच्या तशा कामाला आल्या. डोळ्याच्या पडद्यासाठी मात्र ८०० च्या घरातला प्रकाश घेतात कारण मधे दोन सेंटिमीटरच्या वर जवळजवळ पाणीच आहे आणि १३०० चा प्रकाश ते पिऊन टाकतं. हे असं का, हे सर फळ्यावर पाच मिनिटांत समजावतात, मला इतकं लिहावं लागलं.

तिकडे आपल्या घरोघरी इंजिनीअरिंग की मेडिकल यावर वाद चालतात, त्या मुलांनी या माणसाला ऐकायलाच हवं असं माझं अगदी मनापासून म्हणणं आहे.

दादा, मुंबई

*

दादाला दुजोरा. मी परळला शिकत होते तेव्हा एंडोस्कोपीला फायबरस्कोपच होता, आयपीसला डोळा लावून एकच जण बघणार, बाकीचे आम्ही ताटकळत. आतले हजारो फायबर दोन्ही टोकांना एकाच क्रमाने लावलेले, एकेक फायबर म्हणजे चित्रातला एकेक ठिपका, आणि एखादा तुटला की तिथे काळा डाग कायमचा. जुन्या स्कोपमध्ये इतके डाग असायचे की अल्सर कुठला आणि तुटका फायबर कुठला हे स्कोप हलवून बघावं लागे, जागचा हलत नाही तो फायबर.

सरांना यामागची गोष्टही सांगायला सांगा. पंजाबातल्या मोग्याच्या नरिंदरसिंग कपानींनी लंडनला भौतिकशास्त्रज्ञ हॉपकिन्स यांच्याबरोबर १९५४ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात असा फायबरचा जुडगा दाखवला, पण प्रकाश एका फायबरमधून शेजारच्यात गळायचा. मिशिगनला लॅरी कर्टिस या विद्यार्थ्याने काचेवर दुसऱ्या काचेचं आवरण चढवलं तेव्हा ते थांबलं, आणि १९५७ मध्ये डॉक्टर हिर्शोविट्झ यांनी त्या फायबरचा स्कोप पेशंटच्या आधी स्वतःच्या घशातून घातला. आता टोकालाच कॅमेरा असतो, मुलांना हे माहीतच नाही. नाट्यसंगीत जानेवारीत ठेवा, मीही येईन.

डॉक्टर काकू, फ्रीमाँट

*

काकू, थँक्यू! सरांशी आत्ताच फोनवर बोललो, ते तयार आहेत. इथे रविवारी सकाळी साडेआठ म्हणजे बे एरियात शनिवारी संध्याकाळचे सात, चालेल ना? मुलांना मोबाइलचा टॉर्च जवळ ठेवायला सांगा, बोट टॉर्चवर धरलं की लालच का दिसतं, हिरवा-निळा प्रकाश रक्त कुठे घालवतं, तिथून सुरुवात करून ते पल्स ऑक्सिमीटरवर येणार आहेत. स्लाइड नकोत म्हणाले, फळ्यासमोर कॅमेरा लावायला मी सकाळी माटुंग्याला जाईन. ताई, तारीख नक्की झाली की लिंक पाठव.

दादा