सेटपेक्षा रन भारी आहे

इंग्रजीत सगळ्यात जास्त अर्थ सेट (set) या शब्दाचे, अशी चर्चा वर चाललीय ती वाचून राहवलं नाही. ऑक्सफर्ड डिक्शनरीच्या 1989 च्या आवृत्तीत सेट क्रियापदाचे 430 च्या आसपास अर्थ होते आणि तो तेव्हा पहिल्या नंबरवर होता हे बरोबरच, पण डिक्शनरीच्या नंतरच्या कामात रन (run) या शब्दाने त्याला मागे टाकलं, नुसत्या क्रियापदाचेच 645 अर्थ! यंत्रं आली, मग कॉम्प्युटर आले, चालणारी प्रत्येक गोष्ट रन व्हायला लागली त्याचा यात मोठा हात आहे.

मला मजा वाटते ती मराठीत आणताना, कारण एकच शब्द पुरत नाही. बस धावते, धंदा चालवतात, नाक वाहतं, कपड्याचा रंग जातो, साखर संपते, ओळखीचं कोणी अचानक भेटतं, सगळीकडे रनच. आणि निवडणुकीला अमेरिकन लोक रन करतात पण ब्रिटिश स्टँड करतात, म्हणजे आपलं 'उभं राहणं' ब्रिटिशांशी जुळतं, हे मला फार आवडतं.

म्हणून समानार्थी शब्द विचारताना वाक्य द्याच, कारण स्प्रिंट, मॅनेज, फ्लो तिन्ही रनचेच पण एकमेकांच्या जागी अजिबात चालत नाहीत.

आपल्याकडे याला टक्कर देईल ते 'लागणे'. भूक लागते, ठेच लागते, झोप लागते, निकाल लागतो, वेळ लागतो, आणि मामा नात्याने मामा लागतो. याचे अजून अर्थ सुचत असतील तर टाका ना इथे, मी वाट बघतेय.